इथे मोजू नका

मी एक जुना सुतारी बाक आहे. बाक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बागेतला बाक येईल, म्हणून आधीच सांगतो, मित्रांनो, माझ्यावर कोणी बसत नाही. माझ्यावर लाकूड ठेवतात, त्याला रंधा मारतात, ते कापतात, ठोकतात, आणि जे काही बनतं ते घेऊन निघून जातात. मी आपला जिथल्या तिथे. मला पाय चार आहेत, पण चालता येत नाही. तोंड तर नाहीच. तोंड नसल्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. एकदाच वाटलं, पण असं वाटलं की अजून भरून निघालेलं नाही. तेच सांगायला आज बसलोय. बसलोय म्हणजे उभाच आहे म्हणा.

मला बनवलं मिस्त्रींनी. तेव्हा ते ऐन पंचविशीत होते आणि स्वतःचा छोटासा कारखाना टाकत होते. एक जुनं गोदाम पाडलं जात होतं, त्याच्या दरवाज्याच्या तीन जाडजूड फळ्या त्यांना मिळाल्या. हव्या होत्या चार. चौथी काही केल्या मिळेना. मग त्यांनी पेटाऱ्याच्या लाकडाची एक फळी घेतली आणि नेमकी मधोमध बसवली. लाकूड मऊ होतं, त्यांना ठाऊक होतं. ‘चालून जाईल,’ म्हणाले.

चाळीस वर्षं चाललंही. माझ्या अंगावर किती दरवाजे, खिडक्या, कपाटं झाली याची गणती नाही. गिऱ्हाईक यायचं, माझ्या कडेवर थाप मारायचं आणि असा दणकट बाक आता मिळायचा नाही म्हणायचं. मी फुशारून जायचो. पण त्या मधल्या फळीवर रोज रंधा चालायचा, पटाशीचे घाव बसायचे, आणि ती हळूहळू खचत गेली. माझ्या छातीत एक खळगा पडला. डोळ्यांना तो दिसत नाही. तळहात फिरवला तर कळतो.

मिस्त्रींना तो माहीत होता. म्हणून कुठलीही वस्तू पूर्ण झाली की ते ती माझ्यावरून उचलायचे, खाली फरशीवर ठेवायचे आणि मग हलवून बघायचे. कारण काय, ते कोणालाच सांगत नसत. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नसावं. इतक्या वर्षांची सवय.

पुढे मिस्त्रींचा कारखाना बंद झाला आणि आम्ही दोघं एका सोळा मजली इमारतीच्या तळमजल्यावर आलो. लिफ्टच्या समोर काचेच्या दाराची एक खोली होती. त्या इमारतीतली मुलं चार वाजता शाळेतून यायची आणि आईवडील सात वाजता. मधले तीन तास पोरं मोबाइलला चिकटलेली. कमिटीच्या बायकापुरुषांनी डोकं लावलं आणि ठरवलं, मंगळवार आणि गुरुवारी साडेचार ते सहा मुलांना काहीतरी हातानं करायला शिकवायचं. मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री म्हणाले, माझा बाक आला तर मी येतो.

काय सांगू तुम्हाला, मित्रांनो, ती दोन वर्षं! आधी माझ्यावर मोठ्यांचे हात फिरायचे, आता दहा-बारा जणांचे चिमुकले हात आले. कोणी करवत उलटी धरायचं, कोणी खिळ्याऐवजी माझ्या डोक्यात हातोडी घालायचं. एकाने तर माझ्या पायाला सरस लावून स्वतःची चप्पल चिकटवली आणि अनवाणी घरी गेला. मिस्त्री कपाळाला हात लावायचे, पण ओरडायचे नाहीत. काम पूर्ण झालं की ते मुलांना खिडकीखाली न्यायचे. तिथली भिंतीपासूनची तिसरी फरशी त्यांनी हेरून ठेवली होती. तिच्यावर वस्तू उभी राहिली की पास, डुगडुगली की परत कामाला.

त्या मुलांत आठव्या मजल्यावरची एक मुलगी होती. दहा वर्षांची, अंगाने सुतासारखी, आणि प्रश्न असे विचारायची की टोचलेच पाहिजेत. मिस्त्रींनीच तिचं नाव टाचणी ठेवलं. मग सगळेच तिला टाचणी म्हणायला लागले, तिच्या घरचेसुद्धा.

एका गुरुवारी टाचणी आली ती थेट मिस्त्रींपुढे उभी राहिली आणि म्हणाली, मला स्टूल करायचंय, लवकर. मिस्त्रींनी विचारलं, कोणासाठी? तेव्हा तिने सगळं सांगितलं.

तिचे आजोबा वर्षभरापूर्वी तिच्या घरी राहायला आले होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरांत फरशा बसवल्या होत्या, त्यात गुडघे गेले. टाचणी शाळेतून आली की घरात आजोबा असायचे. ती दप्तर फेकायची आणि ते दोघं खाली उतरून आवाराला दोन चकरा मारायचे. पण महिन्याभरापूर्वी दारापाशी बूट घालताना त्यांचा तोल गेला आणि ते पडले. तेव्हापासून बाबांनी त्यांचं एकट्याने बाहेर पडणं बंद केलं. दिवसभर घरात कोणी नाही, पुन्हा पडले तर? म्हणून त्यांना आत्याकडे पाठवायचं घाटत होतं. आत्याचं घर तळमजल्यावर होतं, पण दिवसभराच्या प्रवासावर. आजोबांना जायचं नव्हतं. मला टेकायला नीट जागा द्या, माझे बूट माझा मी घालतो, असं ते म्हणाले. बाबा म्हणाले, बरं, आत्या न्यायला येईपर्यंत तुमचे तुम्ही बूट घालून खाली उतरून दाखवा, मग राहा इथेच. आत्याला यायला पाच आठवडे होते.

आता तुम्ही म्हणाल, खुर्ची ठेवायची. पण या घरांतली दारापाशीची जागा तुम्ही पाहिली आहे ना? एका बाजूला चपलांचं कपाट, दुसऱ्या बाजूला दार. खुर्ची ठेवली की दार उघडेना. बाबांनी प्लास्टिकचं स्टूल आणलं, त्याचे पाय फाकलेले, ते दारात अडकलं. दुसरं आणलं ते इतकं ठेंगणं, की आजोबा म्हणाले, हे माझ्यासाठी आणलंय की मांजरासाठी? शेवटी टाचणीने शब्द दिला, मी करते.

मिस्त्रींनी तिला एक दोरी दिली. म्हणाले, “आजोबांना बूट घालून ताठ बसव. फरशीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत दोरी लाव, वर दोन बोटं जास्त धर आणि गाठ मार. म्हाताऱ्या गुडघ्याला उठताना तेवढी दोन बोटं फार मोलाची असतात.” टाचणीने गाठ मारून आणली. मिस्त्रींनी ती दोरी माझ्या उजव्या अंगाच्या खिळ्याला टांगली आणि स्टूल होईपर्यंत ती तिथून हलवायची नाही असं बजावलं.

तीन आठवडे टाचणीने घाम गाळला. दीड वीत रुंदीची फळी, चार पाय, चार आडव्या पट्ट्या. दोन वेळा भोक चुकलं, एकदा अंगठा ठेचला. रडली, नाक पुसलं, पुन्हा बसली. शेवटी सरस वाळला आणि मिस्त्रींनी स्टूल तिसऱ्या फरशीवर ठेवलं. चारही कोपऱ्यांवर बोट दाबून पाहिलं. जागचं हललं नाही. दोरी लावली, गाठ फळीच्या बरोबर कडेला आली. मिस्त्री टाचणीकडे बघून नुसते हसले. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखतो. ते असं हसले की समजावं, कामात खोट काढायला जागा नाही. आता फक्त घासायचं आणि रंग द्यायचा, एवढंच राहिलं होतं.

आणि तिथेच माशी शिंकली. मुलांच्या आईवडिलांची कधीपासून कुरकुर चालू होती. पोरगा तीन आठवडे नुसता पॉलिश पेपर घासतोय, घरी काहीच आणत नाही. शेजारच्या इमारतीतली मुलं दर वेळी काहीतरी बनवून नेतात, त्यांचे फोटो ग्रुपवर येतात. सेक्रेटरींनी मिस्त्रींना बोलावलं, छान शब्दांत आभार मानले आणि मंगळवारपासून त्यांनी येऊ नये असं सांगितलं. मिस्त्री खोलीत आले, आपली करवत, रंधा आणि पटाश्या पिशवीत भरल्या. माझ्यावरून एकदा हात फिरवला. तो हात त्या खळग्यापाशी थांबलाही. पण खोलीत दुसरं कोणी नव्हतं, सांगणार कोणाला? मी त्यांना मनातल्या मनात विनवत होतो, चिठ्ठी तरी लिहून ठेवा. ते दिवा घालवून गेले.

मंगळवारी नवी ताई आली. तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही, मित्रांनो. गोड होती, मुलांवर ओरडत नव्हती, आणि आठवड्यात सहा इमारतींत धावत होती. दोन मोठ्या पिशव्या खांद्याला लावून यायची आणि आल्या आल्या त्यातली एक माझ्या उजव्या खिळ्याला अडकवायची. दोरी पिशवीमागे दडली. ताईला कागद, रंग, चिकटकाम छान यायचं. लाकडाशी तिची ओळख व्हिडिओपुरती होती, आणि तसं ती मोकळेपणाने सांगायचीही.

टाचणीने स्टूल पुढे केलं. ताईने कौतुक केलं आणि रंग द्यायला ते माझ्यावर ठेवलं. नेमकं खळग्यावर.

स्टूल डुगडुगलं.

ताई म्हणाली, अगं, हा एक पाय लांब झालाय, एवढंसं कापलं की झालं. टाचणीने लगेच सांगितलं, “पण मिस्त्रीकाकांनी फरशीवर ठेवलं होतं, तेव्हा हललं नव्हतं.” शाबास पोरी, मी म्हटलं, आता तेवढं खाली ठेवून दाखव. पण सफाईवाल्या मावशींनी नुकतीच खिडकीकडची फरशी पुसली होती. त्या दारातूनच म्हणाल्या, ओल्यात कोणी पाय ठेवायचा नाही. ताई म्हणाली, “तेव्हा नसेल हललं गं. लाकूड आहे, फुगतं, आकसतं. कापून टाक, मी धरते.”

टाचणीने मुलांच्या डब्यातली करवत उचलली. मी माझ्या चारही पायांनी फरशीला घट्ट धरून उभा होतो. ओरडता येत नव्हतं, हलता येत नव्हतं. जो पाय तिने तीन आठवडे राबून नीट केला होता, तो माझ्याच अंगावर, माझ्याच खोटीपायी, तिच्याच हाताने कापला गेला. लाकडाचा बोटभर तुकडा माझ्यावर पडला आणि खळग्यात जाऊन थांबला. त्याच्याकडे तरी कोणी बघेल असं वाटलं. ताईने तो फुंकरीने उडवला.

जाताना टाचणीच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने हळूच स्टूल खिडकीखाली नेलं. फरशी आता वाळली होती. तिने ते तिसऱ्या फरशीवर ठेवून दाबलं. डुगडुगलं. डुगडुगणारच होतं, आता एक पाय खरोखरच आखूड झाला होता! पण तिला वाटलं, ताई बरोबर बोलत होती. तिथून पुढे तिने फरशीचं नाव काढलं नाही. मला तेव्हा कोणी चुलीत घातलं असतं तरी चाललं असतं.

गुरुवारी दुसरा पाय कापला, कारण स्टूल आता दुसरीकडे कलत होतं. मंगळवारी तिसरा आणि चौथा. मग पहिल्यापासून पुन्हा, फेरीवर फेरी, कारण करवत तिरकी जायची. प्रत्येक वेळी ताई डोळा बारीक करून बघायची आणि म्हणायची, बस, आता एवढंसंच. प्रत्येक वेळी ते ‘एवढंसं’ बोटभर असायचं. कोणी पिशवी बाजूला करून दोरी लावून बघितली असती तर! पण पिशवी जागेवर आणि दोरी तिच्यामागे. शेवटच्या गुरुवारी स्टूल माझ्या खळग्यावर असं फिट बसलं की ताईने टाळी वाजवली. टाचणीच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. मला ते बघवत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी प्रदर्शन होतं. निळ्या रंगाचं ते स्टूल माझ्यावर मधोमध मांडलं होतं. आईवडील आले, फोटो निघाले. सेक्रेटरींनी त्याच्यावर हात दाबून पाहिला आणि म्हणाले, वा, अगदी पक्कं आहे. टाचणी स्टूल छातीशी धरून लिफ्टमध्ये शिरली. दार बंद होताना तिने अंगठा वर केला. आत्या त्याच दिवशी दुपारी आली होती.

वर काय झालं ते मला रविवारी सकाळी कळलं. वॉचमनने खोली उघडून दिली आणि काठी टेकत एक म्हातारा माणूस आत आला. मागे टाचणी. स्टूल तिच्या बगलेत होतं आणि डोळे सुजलेले होते. तिची आत्या दारातच थांबली, तिच्या हातात प्रवासाची बॅग होती. तीच वॉचमनला सांगत होती. आजोबा स्टुलावर टेकले, उजवा बूट घातला. डाव्यासाठी वाकले तसं स्टूल कललं. त्यांनी चपलांचं कपाट धरलं म्हणून वाचले, पण कपाट खाली आलं. लागलं नाही कुठे. मात्र स्टूल इतकं बुटकं, की त्यांना उठताच येईना. शेवटी बाबांनी काखेत हात घालून उठवलं. आत्याने बॅग भरायला घेतली.

“कुठे बनवलंस ते दाखव मला,” आजोबा म्हणाले. “जाण्याआधी बघून जातो.”

टाचणीने माझ्याकडे बोट दाखवलं. आजोबांनी तिच्या हातून स्टूल घेतलं आणि माझ्यावर ठेवलं. हललं नाही. मग वाकून, गुडघा धरत, त्यांनी ते फरशीवर ठेवलं. डुगडुगलं. पुन्हा माझ्यावर, पुन्हा फरशीवर. म्हातारा थबकला. फरशीवाला माणूस तो. जमीन कुठे उतरते, हे त्याच्या हाताला कळत होतं. त्यांनी माझ्यावर तळहात टेकला आणि फिरवत आणला. ज्या हाताची मी इतके दिवस वाट बघत होतो, तो हा हात. पण आला तो बॅग भरल्यावर.

मुलांच्या डब्यात एक गोटी पडली होती. आजोबांनी ती माझ्या कडेला ठेवून सोडून दिली. गोटी निघाली, सावकाश मधोमध गेली आणि खळग्यात जाऊन बसली. त्यांनी दुसऱ्या कडेने सोडली, तरी तिथेच.

“टाचणे, इकडे ये. हात फिरव इथे. लागलं हाताला? तुझं स्टूल नीटच होतं गं. खचलाय तो हा बाक.”

टाचणीने हात फिरवला आणि तिला खळगा लागला. रविवार असल्याने खिळ्यावर पिशवी नव्हती, दोरी मोकळी लटकत होती. ती तिला दिसली. तिने ती काढली, स्टुलाला लावली. गाठ चार बोटं वर राहिली. तिने मूठ वळली आणि माझ्यावर मारली. एकदा, दोनदा, तीनदा. मार पोरी, मी म्हटलं, अजून जोरात मार. तिचा हात दुखला आणि मला काहीच झालं नाही, याची मला आजही लाज वाटते.

“तुम्ही थांबा ना,” ती म्हणाली. आठवडाभरात दुसरं करून देते म्हणाली. आजोबांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने मान खाली घातली. गाडीची वेळ झाली होती, आणि खरं सांगायचं तर कालच्या तोल जाण्याने बाबांचा धीर पार सुटला होता. आजोबांनी टाचणीच्या डोक्यावर हात ठेवला. “कर दुसरं. येईन तेव्हा लागेल मला. आणि हे मी नेतो. बसायला नाही तर नाही, पाय ठेवायला होईल.”

मग त्यांनी मिस्त्रींची विसरलेली चपटी पेन्सिल उचलली, माझ्या खळग्याभोवती गोल काढला आणि आत मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘इथे मोजू नका’. मला वाटलं, सुटलो. मला जे बोलता येत नव्हतं ते आता माझ्या छातीवर लिहिलेलं होतं.

मंगळवारी ताई आली, अक्षरं पाहिली, कोणा पोराने खरडलंय असं तिला वाटलं. ओल्या फडक्याने घासलं, गेली नाहीत. तिला खरं सांगायला टाचणी नव्हती. आजोबा गेल्यावर दुपारी घरात कोणी नाही, म्हणून तिला दूरच्या एका वर्गाला घातलं होतं, सातपर्यंत. ताईने सेक्रेटरींना विचारलं आणि दोन दिवसांत माझ्यावर फुलाफुलांचं मेणकापड आलं. चारी बाजूंनी ठोकून बसवलं. आता मी फोटोत छान दिसतो म्हणे.

टाचणी रोज सातला येते. लिफ्ट येईपर्यंत काचेला नाक लावून आत बघते. खोलीला तेव्हा कुलूप असतं. तिला मेणकापड दिसतं, आणि खिळ्यावरची पिशवी तेव्हा नसते, म्हणून दोरीही दिसत असणार. लिफ्ट येते, ती जाते. दुसरं स्टूल झालेलं नाही.

आणि गेल्या गुरुवारी एक नवा छोकरा आला. त्याने आईसाठी चार पायांची छोटी पेटी केली आहे. फार मन लावून केली आहे, मी पाहिलंय. ताईने ती माझ्यावर ठेवली, आणि ती डुगडुगली. सहा वाजले होते, म्हणून करवत मंगळवारी काढायची ठरली.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. काही डगमगलं, कोणी डगमगलं, की लगेच करवत उचलू नका. ते जिथे ठेवून पाहिलंत ती जागा आधी हाताने चाचपून बघा. आणि तुमच्यापैकी कोणी लिफ्टसमोरच्या त्या खोलीत जात असेल, तर मंगळवारी साडेचारच्या आत जा आणि मेणकापडाचा एक कोपरा उचला. खाली सगळं लिहिलेलं आहे.